होम की प्रो?

समोरचं मोठं दुकान त्या दिवशी बंद नसतं, तर सुभेदार लालासाहेब ओवीच्या टीचभर दुकानाची पायरी चढलेच नसते. आणि ते चढले नसते, तर त्यांच्या मागोमाग साईराज तरी कशाला आला असता? लोणंदच्या बाजारातला कांद्याचा वास अंगावर घेऊन बापलेक आत शिरले नि सुभेदारांनी हुकूमच सोडला.

"पोरी, घरात ठिवायला कॉम्प्युटर पायजे. त्यात विंडोज दहा टाक. आमच्या मेव्हण्याकडं हाय, लय ब्येस चालतंय!"

"काका, दहाचे अपडेट आता बंद झालेत. चालेल हो, पण व्हायरसला दार उघडं राहील. अकरा घ्या."

"मग अकरातलं सगळ्यात भारी दे. प्रो का काय म्हणत्यात ते."

"वापरणार कोण?"

"मीच की! पल्टनीतल्या दोस्तांना व्हिडिओ लावायचा, भजनं ऐकायची."

"मग घरगुती वापराचं होम पुरे. प्रोला जादा पैसे कशाला घालवता?"

सुभेदार बघतच राहिले. गिऱ्हाईक आपल्या तोंडानं महागाचं मागतंय आणि ही बया नको म्हणतेय! पण ओवी होतीच तशी. घरच्या वापरासाठी प्रो मागणाऱ्याला तिनं कधी प्रो विकलं नव्हतं. तिची आई कपाळावर हात मारायची, "असा धंदा केलास तर झालंच गं बाई!"

साईराज मात्र गालात हसला. ओवीनं ते पाहिलं... आणि चकचकीत कीबोर्ड उगाचच पुसायला घेतला.

मग काय! आज मॉनिटर केवढा घ्यावा, उद्या स्पीकर कोणते... साईराजला रोज नवी शंका. सोबत त्याचे आबाही असायचे. माऊस दाबताना सुभेदार बंदुकीचा घोडा ओढल्यासारखं बोट आवळायचे, आणि साईराज त्यांचा हात हातात धरून, जराही न चिडता, पुन्हा पुन्हा दाखवायचा. "हळू आबा... असं." ओवी चोरून बघायची. किती गोड माणूस आहे हा! बापाला असं शिकवणारा मुलगा तिनं उभ्या लोणंदमध्ये पाहिला नव्हता.

एकदा आबा बाहेर फोनवर असताना तो म्हणाला, "सोमवारी पुण्याला परत जायचंय. घरून काम करायची परवानगी आहे म्हणा. घरचा कॉम्प्युटर ऑफिसच्या नेटवर्कला जोडावा लागतो, त्याला प्रो लागतं."

"मग राहा की इथंच," ओवी चटकन बोलून गेली.

"आबा म्हणतात, आमच्यापायी अडकू नको. आणि दुसरं कोण सांगतंय — राहा म्हणून?"

त्यानं तिच्याकडं असं काही पाहिलं, की ओवीनं घाईघाईनं बिलबुक उघडलं.

शनिवारी कॉम्प्युटर जोडून झाला. सुभेदार दारातल्या खुर्चीत पेपर वाचत बसले होते. साईराज हळूच म्हणाला, "टाका मग... होमच."

ओवीचा हात माऊसवर तसाच थांबला. आत्ता गप्प बसले तर हा गेलाच!

"प्रो घ्या," ती म्हणाली.

"अहो, तुम्ही तर कुणाला प्रो घेऊ देत नाही म्हणे?"

"नाहीच देत."

"मग मला का?"

सुरक्षा, वेग, काहीही सांगता आलं असतं. पण गिऱ्हाइकाशी खोटं बोलायचं तिला जमतच नव्हतं.

"कारण होम टाकलं की तुम्ही सोमवारी जाल. आणि... तुम्ही गेलेलं मला नाही आवडणार. अजिबात नाही."

बोलली खरी, आणि कानापर्यंत लाल झाली. साईराज नुसता बघत राहिला, वेड्यासारखा.

"काय रं, अडलं काय?" सुभेदारांनी पेपर खाली केला.

"आबा... प्रोच घेऊ."

"आरं, पोरगीच तर म्हणालती, होम पुरे! वापरणार मीच न्हवं?"

"मीपण वापरणार. कामाला. मी आता हितंच राहतोय, आबा."

सुभेदारांनी पोराकडं पाहिलं. मग ओवीकडं. ती मान खाली घालून कीबोर्डवरची नसलेली धूळ झटकत होती. त्यांनी पेपराची घडी घातली नि मिशीतल्या मिशीत हसत उठले.

"ह्याला येळ लागंल. मी च्या सांगून येतो. दोन."

"आबा, आपण तिघं आहोत."

"व्हय रं, मोजता येतंय मला," म्हणत सुभेदार पायऱ्या उतरले.