लाभ, दोन, तीन

शालूने विमानाचे तुकडे गोधडीवर मांडले तेव्हा सकाळचं ऊन क्वार्टरच्या उंबऱ्यावर आलं होतं. नाक चेपलेलं. चाकांऐवजी असलेल्या दोन होड्यांपैकी एक उभी चिरलेली. शेपटी मात्र शाबूत होती, आणि शेपटीतच सगळं यंत्र होतं.

विमान तिच्या बाबांनी बांधलं होतं. मारोतराव भंडाऱ्याकडचे, धानाचे शेतकरी. सत्तावन्न साली भिलाईत पोलाद कारखान्याच्या बांधकामावर माती वाहायला आले आणि पहिली भट्टी पेटली तोवर तिच्या तारा जोडायला लागले होते. सावरीचं लाकूड, बांबूच्या कामट्या, जुन्या रेडिओचे भाग, एवढ्यावर त्यांनी पाण्यावरून उडणारं आणि हातातल्या पेटीचं ऐकणारं विमान केलं. ते पाहायला रशियन इंजिनिअर घरी आले होते, आणि शालूने त्यांना चहा दिला होता. ती दुर्गच्या शाळेत विज्ञान शिकवायची. पाच वर्षं शिकवून झाली तरी वर्गात ती अजून त्या दिवसाबद्दल सांगायची.

बाबांना जाऊन सहा महिने झाले होते. परवाच्या रविवारी छोटी विमानं उडवणाऱ्यांच्या क्लबने त्यांच्या आठवणीसाठी ते विमान मरोद्याच्या तलावावर उडवलं. अर्ध्या मिनिटात ते बांधाच्या दगडांवर आदळलं.

संध्याकाळीच क्लबचे सेक्रेटरी भय्याजी वही घेऊन दारात उभे राहिले.

"शालूबाई, कारण लिहा लागते. पोरं म्हणून राहिले का तारेचा डाख सुटला असन. बांधणीतच खोट निघाली तं क्लबच्या नव्या वर्कशॉपले मारोतरावचं नाव कसं देता येईन? मले बी वाईट वाटते."

"बाबांचा डाख सुटत नाही," शालू म्हणाली. "चार दिवस द्या मले."

आता ती भिंग घेऊन बसली. एकूण बावीस डाख होते, प्रत्येक मसुराच्या दाण्याएवढा, गुळगुळीत. तिने चिमट्याने एकेक ओढून पाहिला. एकही हलला नाही. आदळताना बॅटरी तेवढी सुटून पडली होती. ती वेगळी लावली तर पूर्ण ताकदीने चालली.

दुपारी अच्युत आला. रायपूरच्या जुन्या मराठी घरातला हा तरुण इंजिनिअर; त्या दिवशी पेटी त्याच्याच हातात होती. खुर्चीच्या कडेवर बसला.

"मी दोनदाच बटण दाबलं, ताई. एकदा काठावर, एकदा हवेत. विमान उठलं आणि धोबीघाटाच्या कडेने निघालं. घाट डावीकडे, बायका गुडघाभर पाण्यात. मी उजवीकडे वळवलं. ते वळलं, पण वळतच राहिलं. मी बटण सोडलं होतं. कसम से, सोडलं होतं."

"काठावर कशाला दाबलंस?"

त्याने पेटीच्या झाकणात चिकटवलेली चिठ्ठी दाखवली. कितव्या दाबाला विमान कुठे वळेल ते, बाबांच्या ठसठशीत अक्षरात: लाभ उजवीकडे. दोन डावीकडे. तीन उजवीकडे.

"मला वाटलं, लाभ म्हणजे शुभारंभ. पूजेसारखं. म्हणून आधी एकदा दाबून घेतलं. मग हवेत एकपासून सुरुवात केली. एक लिहायचं काका विसरले असतील; तीन उजवीकडे, तर एकही उजवीकडेच."

शालूला हसू आलं. बाबा विसरले नव्हते. गावाकडे पायलीने धान मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. भट्टीवरचे नटबोल्टसुद्धा ते तसेच मोजायचे. अच्युतचा हवेतला एक म्हणजे यंत्राच्या लेखी दोन होता.

म्हणजे कारण सापडलं होतं. दोष बांधणीत नव्हता, मोजण्यात होता.

मग तिचा हात थांबला.

दोन म्हणजे डावीकडे. विमान बायकांच्या अंगावर जायला हवं होतं. ते उजवीकडे वळलं होतं.

सुकाणू फिरवायला शेपटीत रबराचा पीळ होता. प्रत्येक दाबाला अर्धा पीळ उलगडायचा. उडवण्याआधी अच्युतने पन्नास पीळ भरले होते. भय्याजींनी मोठ्याने मोजले होते. म्हणजे शंभर अर्धे पीळ. शालूने उरलेले अर्धे पीळ उलगडत मोजले. सत्त्याण्णव. पुन्हा पन्नास भरून, तीन दाब देऊन मोजले. सत्त्याण्णव.

तीन दाब. अच्युतचे दोन.

दुसऱ्या दिवशी ती घाटावर गेली. त्या दिवशी पाण्यात असलेली, रुआबांधा वस्तीतली रुक्मा चादर आपटत होती.

"माह्या डोक्यावरच येऊन राहिलं होतं, बाई. मी डोये मिटले. मंग त्या बुवानं तीन म्हटलं, अन् गेलं तिकडं."

"कोणत्या बुवानं?"

"मोजून राहिला होता ना बांधावर. लाभ, दोन, तीन. आमच्या गावी धान मोजते तसं." रुक्माने चादर पिळली. "तुमच्या त्या पेटीवाल्या साहेबानं तं तोंड उघडलंच नाही."

शालूने बांधाकडे पाहिलं. नुसते दगड होते.

भय्याजींच्या वहीत तिने लिहिलं: बांधणीत दोष नाही. यंत्राला तीन हुकूम मिळाले, तिन्ही त्याने पाळले. तिसरा हुकूम मिळाला नसता तर माणसाला इजा झाली असती.

भय्याजींनी दोनदा वाचलं. "पण तिसरा दिला कोनं?"

"कारण विचारलं होतं तुम्ही. ते लिहिलं."

त्यांनी चष्मा काढून पुसला. वर्कशॉपच्या पाटीसाठी मारोतरावांचं पूर्ण नाव कसं लिहायचं, एवढंच मग विचारलं. शालूने ते मोठ्या अक्षरात लिहून दिलं.

घरी येऊन तिने शेपटीत नवं रबर घातलं, पन्नास पीळ भरले. बॅटरी ओट्यावर होती, पेटी बंद.

"एक," ती म्हणाली. तिचं तिलाच वेडेपणाचं वाटलं.

काही हललं नाही.

तिने आवाज उतरवला.

"लाभ."

टक्. सुकाणू उजवीकडे वळलं. कोणीतरी बटणावर बोट ठेवून वाट पाहावी, तसं वळलेलंच राहिलं.