खालच्याला उत्तर

पिनेचे दोन्ही पाय सरळ होते... अगदी सरळ, नुकतीच पुडीतून काढल्यासारखे.

सासऱ्यांचा निळा डगला धुवायला टाकायचा म्हणून ती खिसे चाचपत होती. त्या खिशांतून काय निघेल याचा नेम नसे. आज खडूचा तुकडा निघाला, सुताची गुंडी निघाली, खोकल्याची अर्धी गोळी निघाली, आणि शेवटी ही बोटभर लांबीची पिन. बसवलेल्या पिनेचे पाय वाकवलेले असतात आणि काढलेली पिन पुन्हा कधी वापरायची नाही, ती ट्रामच्या शेडमधल्या डब्यात टाकायची, हे अकरा वर्षांत तिला पाठ झालं होतं. म्हणजे ही पिन काढलेली नव्हती. ती बसवलीच गेली नव्हती!

डगला छातीशी धरून ती न्हाणीच्या उंबऱ्यावर बसली.

काल दुपारी सासरे सात नंबरच्या ट्रामखाली, खड्ड्यात उतरून, मागच्या डाव्या चाकाजवळ ब्रेकच्या सळया जोडत होते. दोन सळयांच्या सांध्यात एक जाड खुंटी जाते, आणि ती खुंटी निसटू नये म्हणून तिच्या टोकाला ही पिन. पिन बसली, पाय वाकले, की त्यावर पिवळ्या रंगाची एक पट्टी ओढायची... पट्टी म्हणजे शब्द. पट्टी दिसली की दुसऱ्याने तिथे बघायचं कारण नाही. आणि नेमका तेव्हाच शेडमधला फोन वाजला होता. शेड चालवणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षबाई आनंदाने बोलत होत्या, की जुनी वाहनं जपणाऱ्यांचा यंदाचा गौरव मिस्त्रींना मिळणार! तो निरोप खड्ड्याच्या काठावर जाऊन दिला कुणी? तिनेच. सासरे वर आले, फोनवर बोलले, डोळे पुसले, आणि परत खाली गेले ते थेट पट्टी ओढायलाच गेले असणार.

ती रोज संध्याकाळी, सगळे गेल्यावर, खड्ड्यात उतरून त्यांच्या प्रत्येक पट्टीवरून बोटं फिरवत असे. फक्त काल उतरली नव्हती. शेवटच्या बाकाची गादी शिवायची राहिली होती. एक दिवस, देवा... एकच दिवस मी चुकले, आणि तोच तू निवडलास?

या चोरट्या तपासणीमागे दोन वर्षांचं दुखणं होतं. सासरे ट्रामच्या कारखान्यात फिटर होते. ट्राम बंद पडल्या, रूळ उखडले गेले, आणि भंगाराच्या आवारात कोंबड्यांचं खुराडं होऊन पडलेली सात नंबर त्यांनी चार वेड्यांना हाताशी धरून शेडमध्ये आणली. त्या वेड्यांत नवरा होता, आणि शिवणकाम करणारी ही सूनही होती. बत्तीस गाद्या तिच्या हातच्या. पण एकदा तिला बोल्टची एक ढिली चाकी सापडली, आणि रात्री जेवताना नवऱ्याजवळ ती हळूच म्हणाली, "बाबांना नीट दिसत नाही हो आता." दाराआड सासरे उभे होते.

त्या दिवसापासून ते तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत. तिच्या हातचं जेवत, तिने धुतलेले कपडे घालत, पण बोलायचं झालं तर ट्रामशी बोलत. "सात नंबर, चहा झाला का विचार जरा," असं म्हणून ते पत्र्यावर टिचकी मारत, आणि बाकीचे हसत. तीही हसत असे. हसता हसता सुईला दोरा ओवताना तिला डोळे पुसावे लागत, पण ते कुणाला दिसावं म्हणून नाही.

आणि आता दहाला ट्राम चाळीस वर्षांनी माणसं घेऊन धावणार होती. चालवणार सासरे, आणि कंडक्टर नवरा. शेडच्या दारापासून नव्याने टाकलेला रूळ उताराने थेट तळ्याच्या कठड्यापर्यंत जातो. हातब्रेक तेवढा एकच.

तिने नवऱ्याला फोन लावला. फोन शेजारच्या खोलीत, उशीखाली वाजला. कंडक्टरच्या कोटाचा खिसा फाटलेला होता, म्हणून तो घरीच ठेवून गेला होता. तो खिसा शिवून द्यायचं तिनेच उद्यावर ढकललं होतं. तिने शेडचा फोन लावला, तो नुसताच वाजत राहिला.

घड्याळात साडेनऊ वाजून गेले होते. पिन मुठीत घट्ट धरून ती निघाली... आधी भरभर, मग धावतच. बेकरीवाल्याने विचारलं, "अहो, ट्राम काय तुम्हाला सोडून जाणारे?" ती न थांबता पुढे गेली. तिच्या कानांत एकच आवाज घुमत होता, लोखंडावरून लोखंड घसरण्याचा. कठडा मोडून पाण्यात डोकावणारी सात नंबर तिला दिसत होती, आणि तिच्या दाराला धरून उभा असलेला, तिकिटांची पुंगळी गळ्यात अडकवलेला नवरा...

आणि भीतीच्या पोटात आणखी एक भीती होती. सांगायचं काय? बाबांनी पिन विसरली, असं? आज, भरल्या माणसांत, त्यांच्या आयुष्यातल्या एकुलत्या एका मानाच्या क्षणी? दोन वर्षांपूर्वी खरं बोलले तर त्यांचा आवाज गेला माझ्यापुरता. आज खरं बोलले तर त्यांचं काय काय जाईल?

शेडच्या दारात गर्दी होती. ट्राम खड्ड्यावर उभी होती, लाल पिवळ्या रंगात न्हालेली, आणि आत बत्तीस माणसं गादीवर हात फिरवत कौतुक करत बसली होती. अध्यक्षबाई कागद हातात धरून बोलत होत्या. "...आणि मिस्त्रींबद्दल मी एकच सांगते. अकरा वर्षांत यांनी ओढलेली एकही पट्टी खोटी ठरलेली नाही."

टाळ्या पडल्या. सासरे पुढच्या खिडकीत ताठ उभे होते, मानपत्र काखेत, हात ब्रेकच्या फिरवायच्या दांड्यावर. नवरा चाकांखालच्या लाकडी पाचरी काढून बाजूला ठेवत होता.

"अहो!" तिने हाक मारली. टाळ्यांत हाक बुडाली.

सगळा भार आता त्या एका खुंटीवर होता. ब्रेक आवळलेला आहे तोवर ती दाबाने अडकून राहील. दांडा सुटला की ती गळून पडेल, आणि उतारावर दांडा पुन्हा कितीही आवळला तरी चाकाला त्याचा पत्ता लागणार नाही. नवऱ्याने घंटेची दोरी हातात घेतली. तिने इकडेतिकडे पाहिलं नाही. चपला काठावर टाकून ती खड्ड्यात उतरली.

खाली काळोख होता, तेलाचा वास होता, आणि डोक्यावर कित्येक टन लोखंड. मागच्या डाव्या चाकाशी तिची बोटं पोहोचली. पट्टी लागली, सुकलेली, सुरेख. पट्टीच्या पलीकडे रिकामं भोक... आणि खुंटी अर्धी बाहेर!

त्या शेडचा एक नियम होता, सासऱ्यांनीच घालून दिलेला. खाली उतरलेल्याने हाक द्यायची, आणि वरच्याने तोंडाने उत्तर दिल्याशिवाय दांड्यावरचा हात तसूभर हलवायचा नाही. मान हलवलेली चालत नाही. खालच्याला ती दिसत नाही.

"खाली मी!" ती ओरडली.

वर घंटेचा एक ठोका पडला. मग सगळं शांत झालं.

"खाली मी," ती पुन्हा म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. दोन वर्षं जे तोंड तिच्यासाठी उघडलं नव्हतं, ते आता उघडेल? नाही उघडलं तर? रागाने, सवयीने, ऐकलंच नाही असं दाखवून त्यांनी दांडा सोडला तर? तिने डोळे मिटले. देवा, मला नको, त्यांना वाचा दे...

"वर मी," सासऱ्यांचा आवाज आला. घोगरा, हळू. "हात थांबला." आणि मग एकदम मोठ्याने, "पाचरी लाव आधी! बघतोस काय? खाली घरचं माणूस आहे!"

पाचरी ठोकल्याचे चार आवाज आले. ती रडत होती की हसत होती, तिचं तिलाच कळेना.

"बाबा, मागची डावी पिन बसवायची राहिलीये. माझ्या हातून राहिली. पाव फेरा सोडा, मी खुंटी आत ढकलते."

मागची डावी पिन कुणाची होती, हे त्या शेडमध्ये दोघांनाच माहीत होतं.

"पाव फेरा," सासरे म्हणाले. "सोडतोय. बोटं सांभाळ."

सळई ढिली झाली. तिने अंगठ्याने खुंटी दाबली, पिन ओवली, सुईत दोरा ओवावा तशी, आणि तिचे दोन्ही पाय वाकवले. "झालं, बाबा."

"झालं," वरून उत्तर आलं.

ती वर आली तेव्हा चांगल्या कपड्यांवर तेलाचे पट्टे होते. अध्यक्षबाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. "शिवणकामवालीला ब्रेकला हात लावायला कुणी सांगितलं होतं? माणसं बसलीत आत! जबाबदारी म्हणून काही असते की नाही?"

"चुकलं माझं," ती म्हणाली.

"अगं, पण तू कशाला त्यात..." नवरा लाजेने मान खाली घालून पुटपुटला.

बरं झालं, तिला वाटलं. माझं काय, मी सुई घेऊन कुठेही बसेन. त्यांचा मान राहिला.

सासरे दांडा बांधून ट्राममधून उतरले. पायरी चाचपत उतरले, आणि आज ते चाचपणं त्यांनी लपवलं नाही. मानपत्र त्यांनी अध्यक्षबाईंपुढे धरलं.

"बाई, तुम्ही म्हणालात, एक पट्टी खोटी नाही. आज एक निघाली. ती पट्टी माझी आहे."

"मिस्त्री, अहो, त्या कबूल करताहेत..."

"ती खोटं बोलतेय. माझ्यासाठी." पुढे धरलेलं मानपत्र त्यांनी मागे घेतलं नाही. "मला तीन वर्षं नीट दिसत नाही. ही खरं बोलली, तर मी हिला वाळीत टाकलं. संध्याकाळी कुणी तरी माझ्या कामावर बोटं फिरवतं, हे मला कळत नव्हतं होय? सकाळी गेलो की पट्टीच्या कडेला पुसटशी घासलेली जागा हाताला लागायची. मी म्हणायचो, चालू दे, दिसत नाही म्हणून सांगायला नको. माझी लाज हिच्या बोटांवर जगत होती, बाई... आणि मी ट्रामशी बोलत होतो."

गादीवरच्या माणसांतली एक म्हातारी पदराने डोळे टिपत उतरली, मग एकेक करून सगळीच उतरली.

"आज मी चालवणार नाही," सासरे म्हणाले. "आणि प्रत्येक सांधा पुन्हा बघितल्याशिवाय कुणीच चालवणार नाही. मी वरून सांध्यांची नावं सांगतो. तू खालून उत्तर दे. देशील ना, सूनबाई?"

दोन वर्षांनी ऐकलेली ती हाक! तिने मान हलवली. मग आठवलं, की त्यांना ती दिसणार नाही.

"देईन, बाबा," ती म्हणाली.

तीन तास लागले. एकशे अठरा सांधे त्यांना तोंडपाठ होते. प्रत्येक पिवळ्या पट्टीशेजारी तिने दुसरी पट्टी ओढली, आणि कागदावर दोन सह्या झाल्या. अध्यक्षबाईंनी मानपत्र परत नेलं आणि स्वतःच्या पेनाने त्यावर सुनेच्या नावाची एक ओळ वाढवून आणलं. अक्षर तिरकं होतं, शाई वेगळी होती. सासऱ्यांनी ती ओळ वाचली नाही. त्यावरून बोट फिरवलं आणि ते तिच्या हातात दिलं.

दुपारी ट्राम निघाली. चालवत होता नवरा, कपाळावर घाम घेऊन. उतारावर सुरुवातीला ब्रेक करकरला तेव्हा तिने डोळे मिटून घेतले. शेजारी बसलेल्या सासऱ्यांचा हात गादीची कड आवळत होता. तेही घाबरले होते. कठडा जवळ आला, जवळ आला... आणि सात नंबर हळूच, म्हातारीने उसासा टाकावा तशी, थांबली.

लोक उतरले. ती आधी उतरून पायरीशी उभी राहिली. सासरे दारात आले आणि थबकले. ऊन डोळ्यांवर होतं, आणि पुढे त्यांना फक्त उजेड दिसत होता.

"खाली कोण?" त्यांनी विचारलं.

"खाली मी, बाबा."

"मग उतरतो," ते म्हणाले, आणि न चाचपता त्यांनी पाय पुढे टाकला.