बारावं पान

ही गोष्ट खरी आहे. आणि रात्रीची नाही, हेही आधीच सांगून टाकतो. भर दुपारची आहे. म्हणूनच जास्त छळते.

साल २००६, मे महिन्यातला शनिवार. चेन्नईत गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत खाली लेथ मशीनचा कारखाना होता आणि वर तिसऱ्या मजल्यावर लग्न जुळवणाऱ्या एका वेबसाइटचं ऑफिस. माझा मावसभाऊ मंदार तिथे प्रोग्रामर होता. हुशार पोरगा. स्वतःचे गुण तोंडपाठ, चुका मात्र लोकांच्याच लक्षात राहायच्या.

तेव्हा सगळी वेबसाइट सुरक्षित ठेवली तर ती रखडत चालायची. म्हणून मोजकीच पानं सुरक्षित करत. त्या पानावर गेलं की स्क्रीनच्या तळाशी उजवीकडे एक पिवळं कुलूप दिसे. कुलूप असलं की लिहिलेलं वाटेत कुणाला वाचता येत नाही. नसलं, की सगळं उघड्यावर.

अशा पानांची यादी मंदारच्या हातात होती. यादीत अकरा पानं होती.

बारावं त्याने घेतलंच नव्हतं. 'खासगी निरोप'. मुलीने मुलाला जे घरच्यांसमोर सांगता येत नाही, ते लिहायचं पान. त्यावर फुलांचं एक चित्र होतं, ते बाहेरच्या सर्व्हरवरून यायचं. कुलूप लावलं की ब्राउझर कुरकुर करायचा. दुरुस्तीला अर्धा दिवस लागला असता.

मंदारला अर्धा दिवस जास्त वाटला.

ऑफिसात चुका शोधण्याचं काम सईबाईकडे होतं. तंजावरकडची मराठी मुलगी. तिची मराठी म्हणजे दोनशे वर्षं माळ्यावर ठेवलेली पितळी भांडी. जुनी, पण लख्ख. प्रत्येक पान ती तीनदा तपासायची, नखाने बटण दाबत. टक... टक... टक.

तिने त्या पानाची तक्रार तीनदा नोंदवली. मंदारने ती तीनदा बंद केली. शेरा एकच, 'हेतुपुरस्सर असंच आहे.'

शेवटी ती त्याच्या टेबलाशी आली.

"मंदार सार, तें पान यादींत घाला की. मुली तेथें घरीं न बोललेलं लिहितात."

"सईबाई, तुमचं मराठी ऐकलं की मला पगडी घालावीशी वाटते!"

"पगडी घाला, सेरि, बरें. आधीं पान घाला."

तो हसला. पान काही घातलं नाही.

आठवड्याने जेवणाच्या सुट्टीत त्याला चाळा सुचला. ऑफिसच्या नेटवर्कवरून काय काय उघडं जातंय, ते पाहायचं. शेजारच्या टेबलावरचा तरुण नावाचा पोरगा खुर्ची ओढून बसला. स्क्रीनवर एक निरोप आला...

सईबाईचा. सेतुमाधव नावाच्या मुलाला. लग्न ठरत आलं होतं. तिने लिहिलं होतं, 'मला लहानपणापासून फिट येते. हें तुम्हांला ठाऊक असावें.'

मंदारने तो मोठ्याने वाचला. तिच्याच हेलात. तरुण हसून हसून खुर्चीवरून पडायचा राहिला.

तरुणने घरी आईला सांगितलं. आईला टी. नगरात साड्या घेताना सेतुमाधवची मावशी भेटली. लग्न मोडलं. मुलाने निरोप उघडायच्या आधीच.

चौकशी झाली. साहेब अनंतकृष्ण, करडा माणूस. मंदारने शांतपणे सांगितलं, "सार, ते तरुणने पाहिलं. मी तर जेवत होतो."

तरुणची नोकरी गेली. मंदारला अमेरिकेचं काम मिळालं. पुण्याच्या अदितीशी त्याचं लग्नही ठरलं.

आणि सईबाईला घरच्यांनी लोकांच्या तोंडांना भिऊन एन्नोरला मामाकडे ठेवलं. मामा-मामी दिवसभर कामावर. घरात एकटी असताना तिला फिट आली.

संध्याकाळी दार तोडावं लागलं.

तर तो शनिवार. तिला जाऊन महिना झाला होता. सगळे पलीकडच्या खोलीत दहीभात खात होते. मंदार एकटाच टेबलाशी होता.

अचानक खालची लेथ मशीनं थांबली...

वीज गेली असेल. कॉम्प्युटर बॅटरीवर चालू होते. पण पंखा नाही, एसी नाही, रस्त्याचा हॉर्नसुद्धा नाही.

टक... टक... टक.

आवाज सईबाईच्या टेबलावरून आला. तिथला कीबोर्ड तर केव्हाच काढून नेला होता.

त्याच्या स्क्रीनवर एक जुनी तक्रार वर आली. 'पुन्हा उघडली.' उघडणारी... सईबाई. तारीख आजची.

त्याने घाईने दुसरं पान उघडलं. आलं 'खासगी निरोप'. तिसरं उघडलं. तेच. बंद करून सुरू केलं.

तेच.

निरोप कुणाला, त्या चौकटीत नाव आधीच भरलेलं होतं. सईबाई.

आणि तळाशी... पिवळं कुलूप.

त्याने यादी उघडून पाहिली. बारा पानं. बारावं त्याने लिहिलं नव्हतं.

टक... टक... टक. आता पाठीमागून.

मागे वळायची त्याची हिंमत झाली नाही. त्याला वाटलं, हिला एवढंच हवं असेल. कबुली. कुलूप आहे, दुसरं कोण वाचणार? त्याने लिहिलं, 'ते पत्र मी वाचलं. तुझी नक्कल करत, हसत वाचलं. नाव तरुणचं सांगितलं. तू जिवानिशी गेलीस. मला माफ कर.'

कुलूप पुन्हा पाहिलं. होतं.

पाठवलं.

कुलूप गेलं...

पलीकडच्या खोलीत एक मोबाईल वाजला. मग दुसरा. मग सगळे एकदम. काचेपलीकडे डबे तसेच ठेवून माणसं उभी राहिली आणि एकेक जण त्याच्याकडे बघू लागला. अनंतकृष्णही.

मग त्याचा मोबाईल वाजला. पुण्याहून अदिती. ती त्या साइटची सभासदसुद्धा नव्हती.

"मंदार, सईबाई कोण?"

त्याची नजर पुन्हा कुलपाच्या जागेवर गेली.

"तू तिची नक्कल करून दाखवलीस? मेलेल्या मुलीची?"

लग्न मोडलं. नोकरी गेली. निघण्याआधी त्याने सर्व्हरच्या नोंदी तपासल्या. निरोप सुरक्षित गेला होता. एकाच पत्त्यावर. वाटेत कुणी वाचला नव्हता.

वेड्यासारखं त्याने तक्रार नोंदवली, 'खासगी निरोप बाहेर फुटतो.'

क्षणात ती बंद झाली. बंद करणारी सईबाई. शेरा...

'हेतुपुरस्सर असंच आहे.'

मंदार आता गावी असतो. कॉम्प्युटरला शिवत नाही. दुपारी वीज गेली की मात्र उठून अंगणात जाऊन उभा राहतो.

हे तुम्हाला पाठवण्याआधी मी कुलूप पाहून घेतलं. आहे.

त्यालाही दिसलं होतं.