एका हातानं चालणारं

भिजवलेल्या डाळीचा डबा काउंटरवर ठेवून नूतननं झाकण काढलं, तेव्हा मूल गावातल्या भांड्यांच्या दुकानात काम करणाऱ्या प्रणितला वाटलं, बाई आता इथंच जेवायला बसतात की काय!

"म्याडम, जेवाची सोय बाजूच्या हॉटेलात आहे जी," तो म्हणाला. "इथी भांडे भेटते. तेबी रिकामे."

"लाखोळीची डाळ आहे. कच्ची. खासान का?"

"तुमी देसान तं खाऊ."

"खाऊ नका. वाटून दाखवा," नूतन म्हणाली. "फूड प्रोसेसर पायजे घरी. माह्या डोळ्यापुढं डाळ भरड झाली तं घेईन, नाई तं डबा घेऊन वापस."

आमच्या भागात ही रीतच आहे बरं! मशीन दुकानातलं, पण डाळ घरची. खोक्यावरच्या चित्रात काय हो, सगळंच बारीक होतं. प्रणितलाही हे ठाऊक होतं. पोरगा बोलका, गालात खळी, आणि ती खळी कधी दाखवायची हेही त्याला चांगलं ठाऊक. त्यानं दुकानातलं सगळ्यांत मोठं मशीन पुढं ओढलं.

"आनखी एक," नूतन म्हणाली. "एका हातानं चालनारं पायजे."

"काऊन जी? दुसऱ्या हातात मोबाईल धरता का?"

नूतन हसली नाही. तिनं त्याच्याकडं नुसतं पाहिलं... आणि त्याची खळी आपोआप मिटली.

तर गोष्ट अशी होती. नूतनची आई वच्छलाबाई मागच्या चैतात मोहफुलं वेचायला गेली होती. सकाळची वेळ, गावातल्या बाया सोबत, नेहमीचंच झाड. वाकून वेचणाऱ्या बाईला वाघ माणूस समजत नाही म्हणतात. काय समजला, तो जाणे! बायांनी टोपल्या बडवून, किंचाळून रान डोक्यावर घेतलं म्हणून वच्छलाबाई उरली. उजवा हात मात्र कोपरापासून गेला. नूतन शाळेत असतानाच नवरा काविळीनं गेलेला, त्यामुळे घरात मायलेकी दोघीच. जिच्या हातच्या लाखोळीच्या वड्यांसाठी लग्नघरची माणसं मुद्दाम बोलवायला यायची, ती बाई आता दिवसभर भिंतीला टेकून बसायची. अंगणातल्या पाट्यावर कोंबड्या फिरायच्या.

त्यात नूतनची नेमणूक आली. नर्सिंग करून किती वाट पाहिली होती पोरीनं! दवाखाना भामरागडचा. पावसाळ्यात नाले चढले की तिकडचा रस्ता तुटतो, म्हणून त्याआधी रुजू व्हायचं होतं. आईला सोबत न्यावं, तर ती जागची हलेना.

"एका जंगलानं हात नेला. आता त्याहून मोठ्या जंगलात जाऊ का मी?" ती म्हणाली. "तू जा. पानी शेजारची कलाबाई भरून देईल. पन मले कोनाच्या दारी वाटी घेऊन जावाले लावू नको. माह्या हातानं रांधता आलं तं राहीन मी. नाई तं..."

 त्याच आठवड्यात नूतनला ती गावच्या विहिरीच्या काठावर दिसली. सोबत घागर नव्हती, दोर नव्हता. नुसती खाली पाहत उभी होती.

म्हणून हे मशीन. घराघरात हौसेनं घेतात, तसं नव्हतं ते. यावर एक जीव टांगलेला होता.

मोठ्या मशीननं डाळ झकास वाटली. नूतननं ते घरी नेलं. पण भांडं बसवून फिरवायचं तर खालचा भाग कुणीतरी धरायला हवा, आणि झाकण लॉक झाल्याशिवाय ते सुरूच होईना. वच्छलाबाईनं भांडं फिरवलं की अख्खं मशीन गरागरा फिरायचं.

"याले दोन हातांचा मानूस लागते," ती म्हणाली. "दोन हात असते तं मले पाटा काय वाईट होता?"

मोठं मशीन घरात कोपऱ्यात पडलं आणि नूतन पुन्हा दुकानात. प्रणितनं मोठ्या तोऱ्यात दोरीचा चॉपर काढून दिला. दोरी ओढायची की आतली पाती फिरतात. "विजेचंबी काम नाई, अन् ओढाले एकच हात!" झालं, पुन्हा घरी तीच तऱ्हा. पुढच्या आठवडी बाजारच्या दिवशी नूतननं तो चॉपर काउंटरवर आपटलाच.

"ओढून दाखवा. एका हातानं."

"घ्या!" त्यानं ऐटीत उजवा हात पाठीमागं घेतला, डाव्यानं दोरी खेचली... आणि चॉपर दोरीमागं उडी मारून खाली! डाळ सगळ्या फरशीवर. दुकानातली गिऱ्हाइकं खो खो हसली. नूतनही हसली. चैतानंतर पहिल्यांदा हसली बिचारी, आणि मग वाकून डाळ गोळा करू लागली.

"माह्या मायचा हात वाघानं नेला," ती म्हणाली. "दुसऱ्या हातात मोबाईल नाई धरत ती."

प्रणितला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. मग त्यानं गळ्यातला दुपट्टा काढला, उजवा हात कमरेशी घट्ट बांधला आणि मान वर केली.

"आता सांगा," तो हळूच म्हणाला. "कोनतं आनू?"

त्या क्षणी काय झालं ते नूतनलाही कळलं नाही. छातीत काहीतरी हललं, एवढं खरं.

मग दर बाजारी तेच सुरू झालं. बाहेर डांबर वितळतंय, आत पंखा करकरतोय, आणि हे दोघं एकेक मशीन उघडून बसलेले. हे लॉकमुळे बाद, त्याचं झाकण घट्ट, ते हलकं म्हणून सरकतं. त्याच्या डाव्या हाताची बोटं डाळीनं माखायची. "असं नाई, अंगठ्यानं दाबा," म्हणत ती त्याचा अंगठा सरळ करायची, आणि मग दोघांनाही झाकणाकडं पाहायचं एकदम काम निघायचं.

"असे हात बांधून फिरसान, तं लग्नात हार कसा घालसान?" एकदा तिनं विचारलं.

"नवरीनं जराशी मान वाकवली, तं एका हातानंबी पडते गळ्यात."

"अन् नाई वाकवली तं?"

"तं... उभा राहीन जी. घाई कोनाले आहे?"

नूतननं डब्याचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. चहा निवून गेला.

पुढच्या बाजारी तो म्हणाला, "नागपूरवरून नवा माल येऊन राह्यला, थोडं थांबा." त्याच्या पुढच्या बाजारी, "गाडी लेट आहे." मग, "माल आला, पन पायजे ते नाई आलं." सांगताना तो तिच्याकडं पाहत नव्हता. घरी जाताना गाडीत बसल्यावर नूतनच्या ध्यानात यायचं, की मशीन मिळालं नाही याचं तिला वाईटच वाटलेलं नाही! पुढच्या बाजारी पुन्हा यायचं, हेच मनात घोळत असायचं. घरी आई भिंतीला टेकलेली, रुजू व्हायची तारीख अंगावर येतेय, आणि इकडं हे! ती स्वतःला मनातल्या मनात शिव्या घालायची.

अशाच एका बाजारावरून ती परतली, तर कलाबाई दारातच उभी. आत चुलीपाशी वच्छलाबाई बसली होती. गुडघ्यांत ते मोठं मशीन आणि डावा तळहात पात्यानं उभा चिरलेला. डाळ लाल झाली होती.

टाके पडले. आता बाईला एकही हात उरला नाही. नूतन तिला भरवायची, तिची वेणी घालायची, तिला धुवायची. आधी आई चिडायची तरी. आता घास पुढं केला की मुकाट्यानं तोंड उघडायची. ते पाहून नूतनला परसात जाऊन रडावं लागायचं.

"एवढ्याश्या लेकराचं करते तसं करून राह्यली तू माह्यं," एवढंच ती एकदा म्हणाली.

नूतन दोन बाजार गेली नाही. तेव्हा एका दुपारी प्रणित मोटरसायकलवर खोकं बांधून घर शोधत आला. ओसरीवर बसून त्यानं मशीन काढलं. लहानसंच होतं. भांडं नुसतं ठेवायचं, मोटर वरून बसवायची आणि तळव्यानं दाबायचं. दाबलं की फिरतं, सोडलं की थांबतं. लॉक नाही, काही नाही. उत्साहानं बोलता बोलता त्याची नजर वच्छलाबाईच्या पट्टीवर गेली.

"हे कवा झालं?"

नूतननं सांगितलं. पोराचा चेहरा पांढराफटक पडला.

"हे मशीन दुकानातच होतं," तो म्हणाला. "नागपूरवरून काई येनार नव्हतं. हात बांधला ना मी, त्याच्या दुसऱ्याच दिवशी वरच्या फळीवर सापडलं मले."

"मंग?"

"मंग... तुमी घेऊन गेल्या असत्या. भामरागडले गेल्या असत्या." त्यानं रिकामं खोकं जवळ ओढलं. "माह्यं मन बसलं तुमच्यावर, नूतन. म्हनलं, अजून एक बाजार... अजून एकच..."

अशा शब्दांची ती किती दिवस वाट पाहत होती! आणि आले ते असे. नूतन उभी राहिली.

"तुमी बाजार मोजत होते, अन् इथी माह्या मायचा हात गेला. जा. तोंड दाखवू नका मले."

तो उठला. खोकं उचलायला वाकला, तेवढ्यात भिंतीपाशी बसलेल्या वच्छलाबाईचा आवाज आला.

"मशीन राहू दे, बाबू."

टाके निघाले, तळहात जरा सुटा झाला, तशी वच्छलाबाईनं एका सकाळी डाळ भिजवायला सांगितली. भांड्याखाली ओलं फडकं टाकलं, डाळ घातली, तळव्याच्या मनगटाकडल्या बाजूनं दाबलं. घर्रर्र झालं. उचललं, पाहिलं, पुन्हा दाबलं. भरड, अगदी हवी तशी! डाव्या हातानं थापलेले वडे वाकडेतिकडे झाले, पण तेलात टाकल्याबरोबर सगळ्या घरात तो जुना वास भरला. कलाबाई शेजारून डोकावून गेली. नूतन खात होती आणि डोळे पुसत होती.

वच्छलाबाई मात्र खाईना.

"नूतन, त्या पोराले लय बोलली तू," ती म्हणाली. "आता मले बोल."

"तुले काऊन?"

"ते मोठं मशीन मले कवाचंच येत होतं. तू बाजारी गेली का मी काढून बसत होती. गुडघ्यात धरलं का लॉक बसते त्याचं. तू आली का म्हनाची, जमत नाई." ती चुलीकडं पाहत बोलत होती. "त्या दिवशी धुवाले पातं काढलं, ते निसटलं. त्या पोराच्या लबाडीनं नाई कापलं मले. माह्याच लबाडीनं कापलं."

नूतनच्या हातातला वडा हातातच राहिला. "अन् विहीर, माय?"

"ते खरं होतं. ते नाटक नव्हतं." वच्छलाबाईनं पदर तोंडाशी धरला. "एकटी झाली का अजून त्या वाघाचा वास येते मले. तू गेल्यावर कसं करू, समजे नाई. म्हून लपवलं. पन तू जा बाई आता. मी अजून काई खोटं बोलाच्या आत जा."

नूतननं आईला पोटाशी धरलं. रागवायचं कुणावर, आणि कोणत्या तोंडानं? गाडीत बसून मशीन न मिळाल्याचा आनंद मानणारी तीही होतीच की! तिघांनीही एकच गोष्ट मागितली होती. एक बोलला, एकीनं लपवलं आणि एकीनं स्वतःलाही कळू दिलं नाही.

नूतन निघाली त्या दिवशी आभाळ खाली आलं होतं. मूलच्या स्टँडवर प्रणित होता, पण लांब, पाण्याच्या टाकीपाशी. जवळ यायची त्याची छाती होईना. शेवटी बॅग खाली ठेवून नूतनच गेली.

"मायनं केले वडे. एकटीनं," ती म्हणाली.

त्यानं मान हलवली. डोळे भरले होते त्याचे.

"मायनंबी मले थांबवासाठी खोटं सांगितलं. तिले मी माफ केलं, ते माय आहे म्हून. तुमाले काऊन करू?"

वाटलं होतं, हा आता गोड काहीतरी बोलेल. खळी दाखवेल. पण तो म्हणाला, "नका करू."

बस लागली. लोक चढू लागले. कंडक्टर ओरडत होता.

"पावसाळा उलटला, रस्ता उघडला, का भामरागडले येईन मी," प्रणित घाईघाईनं म्हणाला. "चालन ना?"

"कायले? वापस न्याले?"

"नाई." यावेळी तो थेट तिच्या डोळ्यांत पाहत होता. "न्याले नाई येनार. भेटाले येईन, अन् संध्याकाळच्या गाडीनं एकटाच वापस येईन."

ती बसमध्ये चढली, खिडकीपाशी बसली. तो खाली उभा. बसनं हिसका दिला, तेव्हा तिनं खिडकीबाहेर हात काढला आणि त्याचा हात धरला, बसच्या चालीनं दोन पावलं त्याला सोबत ओढलं...

"या मंग," ती म्हणाली आणि हात सोडून दिला.