घट्टोबाचा जास्तीचा पीळ

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं म्हणतात. चौगुल्यांच्या तांबडीचं मात्र उलटंच होतं. तिचे नट नुसते तापायचे आणि त्यांचा पीळ जायचा.

तांबडी म्हणजे जमिनीला पोट टेकल्यासारखी पळणारी लाल शर्यतीची गाडी. बारा वर्षांच्या कृत्तिकाची आई, स्वरा, ती चालवायची. तोवर रस्त्यावरच्या साऱ्या गाड्या विजेवर पळू लागल्या होत्या. फक्त वाघजाई घाटाच्या शर्यतीत, वर्षातून एकदा, उसाच्या मळीपासून केलेल्या इंधनावरच्या जुन्या गाड्या गुरगुरत. गेल्या वर्षी घाटमाथा दिसायला लागला आणि तांबडी बसली. यंदाच्या दोन्ही सरावांतही ती फुसफुसत, धूर ओकतच वर पोचली. दोन्ही वेळा तिचा टर्बो (इंजिनाच्या गरम धुरावर फिरून इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा) ढिला झाला होता.

पंचांनी बजावलं, "आता पुन्हा काही सुटलं, तर गाडी बाद. भाग उडून कुणाच्या कपाळात बसला म्हणजे?"

 आई नुसती हातमोज्यांची घडी करत राहिली. वर्षभराची तिची मेहनत त्या घडीत होती, हे कृत्तिकाला कळलं.

"घट्टोबा, तू आवळले होतेस ना नट?" गॅरेजमध्ये परतल्यावर तिने विचारलं.

घट्टोबा हा त्यांच्या गॅरेजमधला यंत्रमानव. त्याला सहा हात, आणि प्रत्येक हातात पाना. "मी आवळलेलं सुटत नाही," तो ताठ मानेने म्हणाला.

"मग हे काय आहे?"

"हे... सुटलं आहे. थांब, अजून एक पीळ देतो!"

तेवढ्यात सायलीआत्या काठी टेकत, धापा टाकत आत आली. ती शास्त्रज्ञ. चंद्रावरच्या दुर्बिणीची देखभाल करायची आणि नुकतीच सुट्टीवर उतरली होती. "काय ही तुमची पृथ्वी!" स्टुलावर बसकण मारत ती म्हणाली. "तिथं मी दहा किलोची वाटायचे. इथं उतरले आणि साठ किलो अंगावर आले. धड जेवलेसुद्धा नव्हते गं!"

आई हसली. "ताई, तुमच्या चंद्रावर नट ढिले होतात का हो?"

"होतात की! कृत्तिका, तुमचे कधी होतात ते सांग."

कृत्तिकाने ते बघून ठेवलं होतं. "नुसत्या उभ्या गाडीत होत नाहीत. गाडी घाटात तापते, थरथरते आणि मग गार होते. त्यानंतर पाना लावला की नट सहज फिरतात."

"शाब्बास! धातू तापला की फुगतो, गार झाला की आकसतो. टर्बो आणि त्याचे नट सारखे तापत नाहीत. एक आधी फुगतो, दुसरा मागून. त्या ओढाताणीत पकड कमी होते, आणि थरथर नटाला हळूहळू उलटा फिरवते. चंद्रावर पंधरवडाभर तव्यासारखं ऊन आणि पंधरवडाभर हाडं गोठवणारी रात्र. आमचे नट तर दर महिन्याला नाचायचे."

"म्हणजे मी कमी आवळतो!" असं म्हणत घट्टोबाने पाना लावला आणि सगळा जोर काढून पीळ दिला.

कट्!

स्टड (एक टोक गाडीत रुतलेली आणि दुसऱ्या टोकावर नट बसणारी आट्यांची सळई) मोडून खाली पडला. घट्टोबाचे सहाही हात लोंबकळले. आईने डोळे मिटून घेतले.

कृत्तिकाचा हात नकळत वेणीकडे गेला. वेणी सुटू नये म्हणून सकाळी तिने रबराला ओढून ओढून तिसरा वळसा दिला होता. आता रबर लुळं पडलं होतं आणि केस मोकळे झाले होते. तिने रबर काढून हातात धरलं. मग मोडका स्टड उचलला.

"आत्या, स्टडसुद्धा रबरासारखा ताणला जातो का?"

आत्या काठी विसरून उठली. "अगदी तसाच! डोळ्यांना दिसत नाही, पण नट आवळला की स्टड किंचित ताणला जातो. त्याला परत आखूड व्हायचं असतं, म्हणून तो टर्बोला धरून ठेवतो. कमी ताणला तर पकड नाही. जास्त ताणला तर रबरासारखा लुळा पडतो, नाहीतर मोडतो."

"म्हणजे मीच..." घट्टोबा पुटपुटला.

"तूच रे बाबा," आई म्हणाली. "पण 'आवळ, आवळ' म्हणून मीच तुझ्या मागे लागले होते."

उष्णता सोसणाऱ्या धातूचे नवे स्टड गॅरेजमध्ये होतेच. घट्टोबाने मोडक्याचा रुतलेला तुकडा काढून नवे बसवले. आत्याने खिशातून वायसरच्या (नटाखाली घालायच्या चकत्यांच्या) जोड्या काढल्या. प्रत्येक चकतीच्या एका बाजूला बारीक दाते होते आणि दुसऱ्या बाजूला छोटे छोटे चढ.

"ही आमची पाचर. चढांची तोंडं समोरासमोर ठेवायची. दाते बाहेर, एकीचे नटाला चावतात, दुसरीचे टर्बोला. आता नट सुटायला निघाला तर काय होईल?"

कृत्तिकाने जोडी बोटांत फिरवून पाहिली. "वरची चकती नटाबरोबर फिरेल... आणि चढावर चढेल!"

"आणि हा चढ आट्यांच्या उतारापेक्षा जास्त खडा आहे. नट सूतभर बाहेर सरकला, तर चकती दोन सूत वर उचलली जाते. म्हणजे सुटायचं तर आधी आणखी घट्ट व्हावं लागतं! थरथरीत तेवढा जोर नसतो. आपण पान्याने जोर लावला तरच तो चढ ओलांडला जातो."

घट्टोबाने नट ठरलेल्या जोराइतकेच आवळले. इंजिन तापवलं, गार होऊ दिलं, पुन्हा तपासलं. "आता एकच पीळ..." त्याचा हात पुढे सरकला.

"घट्टोबा!" कृत्तिका ओरडली. हात मागे गेला. मग तिने प्रत्येक नटावरून टर्बोपर्यंत पांढऱ्या रंगाची सरळ रेघ ओढली. नट जरा हलला तरी रेघ तुटणार होती.

शर्यतीच्या दिवशी ती घाटमाथ्यावर कान लावून उभी राहिली. खालून गुरगुर आली. एक वळण, दुसरं वळण. ना फुसफुस, ना धूर! तांबडी तिसरी आली, पण आई अशी नाचली की पहिल्या आलेल्याने येऊन तिचंच अभिनंदन केलं.

गाडी गार झाल्यावर कृत्तिकाने वाकून बघितलं. सगळ्या रेघा सरळ होत्या.

"एक पीळ..." घट्टोबा म्हणाला. सगळे वळले. "...कमी दिला होता मी. मुद्दाम!"

दुपारच्या आभाळात अर्धा चंद्र दिसत होता. आत्याने काठीने तिकडे दाखवलं. "तिथं आता डोंगराएवढी दुर्बीण उभारायची आहे. लाखो नट लागतील. असा सहा हातांचा गडी हवाच."

"आणि त्याला थांबवायला?" कृत्तिकाने विचारलं.

"थांबवणारीही हवी. आधी शिकून मोठी तर हो."

कृत्तिका चंद्राकडे बघत वेणी घालू लागली. नवं रबर घेतलं, एक वळसा दिला, दुसरा दिला.

तिसरा मात्र दिला नाही.