चष्म्याचा ढिला स्क्रू

तक्त्याच्या शेवटच्या ओळीपाशी आलं की सगळेच ठोकून देतात, हा बाईंचा आयुष्यभराचा अनुभव. चष्म्याच्या दुकानातल्या आतल्या अंधाऱ्या खोलीत त्या लोकांचे नंबर तपासत. वरच्या ओळी धडाधड वाचणारी भलीभली माणसं खाली आली की डोळे किलकिले करत आणि काहीतरी अंदाजपंचे सांगून मोकळी होत. म्हणून त्या दुपारी खुर्चीतल्या उंच, पांढऱ्या मिशांच्या गृहस्थांनी शेवटच्या ओळीशी तोंड मिटून घेतलं, तेव्हा बाईंना नवल वाटलं.

“अंदाजाने सांगा की,” त्या म्हणाल्या.

“अंदाजाने मी काही सांगत नसतो. दिसत नाही ते दिसत नाही.”

बाईंनी छोटा दिवा घेतला आणि त्यांच्या डोळ्यात पाहायला वाकल्या. हजारो डोळे त्यांनी इतक्या जवळून पाहिले होते, पण असं कधी झालं नव्हतं... तपकिरी, जरासे घाबरलेले आणि अगदी सरळ डोळे. पोटात एकदम हलकं झालं, लिफ्ट झटक्यात वर निघाल्यावर होतं तसं. आणि गंमत बघा, नाव-पत्ता लिहून घेताना कळलं, की गृहस्थ लिफ्ट तपासणारे अधिकारी होते, गेल्याच वर्षी निवृत्त झालेले. बाईंना हसू आवरेना. कारण काही सांगता येण्यासारखं नव्हतं.

नवा चष्मा तयार झाला, लिफ्टवाले घेऊन गेले, आणि आठवडा उलटायच्या आत परत दारात हजर. चष्म्याच्या दांडीचा स्क्रू ढिला झाला होता.

बाईंनी बारीक पेचकसाने तो आवळून दिला. पुढच्या आठवड्यात पुन्हा ढिला. त्याच्या पुढच्या आठवड्यात दुसऱ्या बाजूचा. तिसऱ्या खेपेला बाईंनी भिंगाखाली नीट पाहिलं आणि ओठ दाताखाली दाबून धरले. स्क्रूच्या माथ्यावर ताजे चरे होते. त्यांच्या पेचकसाचे नव्हेत, कुठल्या तरी जाडजूड घरगुती पेचकसाचे. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांच्या यंत्रांचे स्क्रू आवळले, तो स्वतःच्या चष्म्याचा घरी बसून सैल करत होता... बाईंनी फक्त दुसऱ्या दिवशीपासून केसांकडे जरा जास्त लक्ष द्यायला सुरुवात केली.

स्क्रू आवळायला लागतो एक मिनिट. पण गप्पांना काय, त्या लांबवाव्या तितक्या लांबतात. बाई महिनाअखेरीला निवृत्त होणार, हे लिफ्टवाल्यांना कळलं. मुलगी दुसऱ्या शहरात असते, “आई, आता इकडेच ये,” म्हणून तिचा आग्रह चालला आहे, आणि भाड्याचं घर सोडणार की नाही ते घरमालकाला महिन्याच्या शेवटच्या तारखेपर्यंत सांगायचं आहे, हेही कळलं.

“मग काय ठरवलंत?” त्यांनी विचारलं. आवाज उगाचच खाली गेला होता.

बाई म्हणाल्या, ठरवायचं काम त्यांनी देवावर सोपवलंय. रोज सकाळी चहाच्या आधी त्या खिडकीपाशी डोळे मिटून बसतात आणि त्याला सांगतात, बाबा, तूच काय ते सुचव. नवरा गेल्यापासून याच भरवशावर त्यांचं सगळं सुरळीत चाललं होतं. निवृत्तीचे पैसेही मिळतील तसे बचत खात्यात टाकायचे आणि बाकी तो बघेल, असा त्यांचा बेत होता.

हे ऐकून लिफ्टवाल्यांचा चेहरा असा झाला, की बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला. लोक दुधाने तोंड पोळल्यावर ताक फुंकून पितात. हे गृहस्थ पोळण्याआधीच फुंकणारे. लग्नसुद्धा ‘पुरती खात्री पटल्यावर करू’ म्हणता म्हणता राहून गेलेलं. ते समजावू लागले, की लिफ्ट कधी एका दोरावर टांगत नाहीत. पुष्कळ दोर असतात, आणि त्यातला एकटा एक दोरही वजन पेलेल असा असतो. पैशाचंही तसंच. वर्षभराचा खर्च हाताशी, बाकीच्याच्या मुदत ठेवी, पण एकच मोठी नको. दरवर्षी एक पिकेल अशा पायरीपायरीने. आणि थोडं, अगदी थोडं, शेअर बाजारात.

“आणि देवाचा वाटा?” बाईंनी विचारलं. त्या दर महिन्याला कुणा ना कुणा अडलेल्यासाठी काहीतरी बाजूला काढत.

लिफ्टवाल्यांच्या हिशेबात देण्याचा कप्पाच नव्हता. मग म्हणाले, “तो पहिला काढा. मीही काढीन म्हणतो.”

बाईंना ते फार आवडलं. इतकं आवडलं, की त्यांनी पुसलेलीच काच पुन्हा पुसली.

“शेवटची ठेव पाच वर्षांची करा,” ते म्हणाले.

“पाच वर्षांनी माझ्या लक्षात कसं राहायचं? आठवण कोण करून देणार?”

“मी देईन ना...” लिफ्टवाले बोलून गेले. मग आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं. कान लाल झाले. टोपी विसरून ते दुकानाबाहेर पडले, टोपीसाठी परत आले आणि छत्री विसरून गेले.

बाई त्या रात्री छान झोपल्या, पण सकाळी खिडकीपाशी बसून त्यांनी देवाला चक्क दटावलं. म्हणाल्या, हे बघ, हा माणूस काही स्वतःहून बोलायचा नाही. तू जरा ढकल. शेवटच्या तारखेपर्यंत त्याने एक शब्द काढला तर मी राहीन. नाही काढला तर लेकीकडे जाईन, आणि तुझ्याबद्दलही मनात काही ठेवणार नाही.

शेवटची तारीख उजाडली. बाहेर भुरभुर पाऊस होता. बाई ठेवणीतला निळा पोशाख घालून आल्या आणि दिवसभर दाराची घंटा वाजली की त्यांचा जीव भांड्यात पडायच्या ऐवजी घशात यायचा. आजी येत, विद्यार्थी येत, हरवलेला चष्मा डोक्यावर ठेवून शोधणारे प्राध्यापक येत. लिफ्टवाल्यांचा पत्ता नाही. दुपारी मुलीचा फोन आला. तिकीट काढू का, असं तिने विचारलं. बाई म्हणाल्या, संध्याकाळी सांगते. चार वाजता केक कापून झाला. दुकानाच्या मालकांनी चार शब्द बोलून फुलं दिली. बाईंनी हसून आभार मानले, पण डोळे सारखे दाराकडे. ठीक आहे देवा, त्या मनात म्हणाल्या, कळलं. आणि पर्स उचलली.

तेवढ्यात घंटा वाजली.

लिफ्टवाले दारात उभे होते. ओलेचिंब आणि बिनचष्म्याचे. त्यांचा मायनस नंबर एवढा मोठा, की हातभर अंतरापलीकडे सगळा धुरळा. बाई समजून ते आधी फ्रेमच्या कपाटाशी बोलले. बाईंनी धावत जाऊन हात धरला आणि त्यांना आतल्या खोलीत नेऊन त्याच खुर्चीत बसवलं.

“स्क्रू...” ते म्हणाले, “आज जरा जास्तच फिरवला गेला. निघून पडला. दिवसभर शोधला, सापडला नाही.”

“आणि असे न दिसता आलात? रस्ता ओलांडून?”

“एका अनोळखी माणसाचा हात धरला. म्हटलं, बघू.”

“तुमच्यासारख्याकडे दुसरा चष्मा नाही, यावर माझा विश्वास नाही.”

“आहे की.” त्यांनी खिशावर हात ठेवला. “तो घालूनच तर दिवसभर शोधलं. पण तो घालून आलो असतो तर तुम्ही म्हणाला असता, दुसरा आहे ना, मग हा सावकाश दुरुस्त करू. सावकाश म्हणजे कधी? तुमचा तर आज शेवटचा दिवस.”

बाईंनी सवयीने समोरचा तक्ता लावला.

“शेवटची ओळ वाचा.”

“मला तक्ताच दिसत नाही.”

“अंदाजाने सांगा.”

लिफ्टवाल्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. “अंदाजाने सांगतो,” ते म्हणाले. “तुम्ही जाऊ नये, असं मला वाटतं. तुमचं माझ्यावर मन असेल, असं वाटतं. खात्री नाही... चूकही असेल. पण माझं तुमच्यावर आहे, आणि ते मात्र अंदाजाने नाही.”

बाई खाली वाकल्या. हातभर अंतरावर, मग त्याहून थोड्या जवळ.

“दिसतेय का आता?”

“स्पष्ट,” ते म्हणाले. आणि ते डोळे आज मुळीच घाबरलेले नव्हते.

मग बाईंनी नवा स्क्रू बसवला. तो त्यांनी तिसऱ्या खेपेलाच याच मापाचा काढून वेगळा ठेवला होता. शेवटी खणातून एक छोटी बाटली काढली.

“हे काय?”

“याचा एक थेंब टाकला की स्क्रू कधी ढिला होत नाही. दुकानात पहिल्यापासून आहे.”

लिफ्टवाले बाटलीकडे पाहत राहिले. मग बाईंकडे. “मग इतके दिवस टाकला का नाही?”

“तुम्ही कशाला परत आला असतात मग?” बाई म्हणाल्या. “आता सांगा. टाकू?”

“टाका,” ते म्हणाले. “आता कारण लागायचं नाही.”

बाईंनी थेंब टाकला, चष्मा त्यांच्या नाकावर नीट बसवला आणि मुलीला फोन लावला. तिकीट काढ, म्हणाल्या, पण परतीचंही काढ. आणि दोन माणसांची काढ. पलीकडून मुलीने विचारलं, दुसरं कोण? लिफ्टवाले कान लाल करून छत्री शोधत होते. ती गेल्या खेपेपासून दुकानातच होती.