पाण्यातून न काढलेलं कापड

आमची पहिली भेट झाली ती माझ्या हातून हातोडी सुटली म्हणून.

विठ्ठलवाडी स्टेशनबाहेर आमचं ताडपत्रीचं दुकान आहे. माझ्या वडिलांची, अण्णांची, कंबर गेली तेव्हापासून कापणं, शिवणं, टेम्पोवर चढून हूड बांधणं, सगळं माझ्याच गळ्यात. त्या दिवशी मी एका टेम्पोच्या टपावर ओणवी होऊन रिंगा ठोकत होते, आणि लाकडी हातोडी निसटली ती थेट खाली थांबलेल्या बाइकवाल्याच्या हेल्मेटवर... ठण्ण!

"अगं बाई! लागलं का हो?"

त्याने हेल्मेट काढलं. आत घामेजलेला, गोंधळलेला, चांगला दिसणारा चेहरा. हो, चांगलाच दिसत होता, खोटं कशाला बोलू?

"नाही लागलं," तो म्हणाला. "तुम्ही सगळ्या गिऱ्हाइकांना असंच बोलावता?"

"छे! आवडलेल्यांनाच."

बोलून गेले आणि टपावरच कानापर्यंत लाल झाले. माझी जीभ अशीच आहे मेली, डोक्याच्या आधी धावते.

त्याचं नाव नयन. आईला मुलगी हवी होती, नाव आधीच ठरलेलं, ते तसंच राहिलं, असं तो सांगत होता. ठाण्याच्या एका कंपनीत ड्राफ्ट्समन. मी खाली उतरले तेव्हा त्याने पाठीवरच्या नळीतून कागद काढून दुकानातल्या टेबलावर पसरला. त्यावर एका लष्करी ट्रकचं चित्र होतं, मापांसकट.

"शक्तिमान आहे. जुना, फौजेतला," तो म्हणाला. "आबा, म्हणजे माझे वडील, फौजेत ड्रायव्हर होते. असाच ट्रक चालवायचे. शीळफाट्याच्या भंगारात हा सापडला. दोन वर्षं आम्ही दोघं अंगणात बसून त्याला उभा करतोय. इंजिन झालं, रंग झाला, आता फक्त मागचं हूड राहिलंय. सुती कॅनव्हासचं पाहिजे. प्लास्टिक म्हटलं की आबा जेवण सोडतील."

"कधीपर्यंत?"

"दसऱ्याला. आबांचे तीन जुने जोडीदार येणारेत. त्यांना मागे बसवून कल्याणच्या विहारात न्यायचंय." मग आवाज खाली आला. "हृदय थकलंय त्यांचं. डॉक्टरांनी सांगितलंय... पुढच्या दसऱ्याचं काही धरून चालू नका."

अण्णा आतून सगळं ऐकत होते. त्यांनी त्याला आडनाव विचारलं. तो म्हणाला, "कांबळे." अण्णा "बरं" म्हणाले आणि चहा सांगायचा राहूनच गेला. आमच्याकडे ताडपत्रीच्या चिंध्या घ्यायला आलेल्यालासुद्धा चहा मिळतो. नयनला ते कळलं, मला कळलं, आणि दोघंही कागदाकडे बघत राहिलो. तेव्हाच ठरून गेलं की हा मुलगा इथे येईल तो फक्त कामापुरता.

मापं घ्यायला मी आंबिवलीला गेले. घर दोन खोल्यांचं, आणि अंगणात हा ट्रक, घरापेक्षा मोठा! हिरवा, न चमकणारा रंग, एकेक बोल्ट घासून बसवलेला. मागे पाच लोखंडी कमानी उघड्याच उभ्या होत्या. आबा खुर्चीत बसून पान्ह्याला तेल लावत होते. दोन वाक्यांनंतर त्यांना दम लागायचा, पण डोळे कसे मिश्कील.

"ये बेटी. ह्या साहेबाने कागदावर माप काढलंय, पण गाडी कागदावर चालत नसते. तू हाताने घे."

मी घेतलं. टेपचं एक टोक मी धरलं, दुसरं नयनने.

"टेपकडे बघा," मी म्हटलं, "माझ्याकडे नाही."

"टेपवरचं मला पाठ आहे."

"अच्छा? आणि माझ्याकडचं?"

"ते... रोज थोडं थोडं करतोय."

मी माप चुकले. परत घेतलं. परत चुकले. खुर्चीतून आबा खोकल्यासारखं हसले.

तिसऱ्या खेपेला आम्ही एकमेकांना अरे-तुरे करायला लागलेलो. सहाव्या खेपेला त्याने माझ्या बोटात घुसलेली सुई काढली आणि बोट जरा जास्तच वेळ धरून ठेवलं. त्याच्या मनात अण्णांचा तो न मिळालेला चहा होता, माझ्याही. हूड झालं की संपलं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

आता माझा गुन्हा सांगते.

कोरं सुती कापड आधी पाण्यात टाकायचं, उन्हात वाळवायचं, मगच कात्री लावायची. नाहीतर पहिल्या भिजण्यात ते आटतं. हे मला सातवीपासून माहितीय. त्या दिवशी मी हौद भरलाही होता. कापडाचा गठ्ठा काठावर ठेवला... आणि डोक्यात आलं, पाण्यातून काढून शिवलं तर हे हूड दहा वर्षं जागचं हलणार नाही. म्हणजे नयन दहा वर्षं येणार नाही.

आणि कोरंच शिवलं तर? आठ दिवस कडक ऊन होतं. दसरा कोरडा जाईल, मग परतीच्या पावसाची एखादी सर येईल, हूड वीतभर तोकडं होईल, आणि तो येईल. "अगं, हे काय केलंस?" म्हणेल. मी पट्टी जोडायला घेईन. पंधरा दिवस मिळतील. पंधरा दिवसांत माणूस धीर करून काहीतरी बोलू शकतो, नाही का?

मी हौदातलं पाणी सोडून दिलं आणि कोऱ्या कापडाला कात्री लावली. पाप लागेल असं काही वाटलं नाही हो तेव्हा. उलट मशीन चालवताना हसत होते, वेडी.

दसऱ्याच्या चार दिवस आधी आम्ही हूड चढवलं. अगदी चापूनचोपून बसलं. आबा हळूहळू उठले, कापडावरून हात फिरवला, एक कोपरा अंगठ्याने चोळून पाहिला. मग माझ्याकडे बघितलं. बराच वेळ.

"हातात कसब आहे तुझ्या," एवढंच म्हणाले.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं. मी दुकानाच्या पायरीवर उभी होते. तासभर पाऊस नुसता कोसळला. फोन हातात घेतला, नयनचा नंबर काढला. 'हुडाच्या दोऱ्या सैल कर' एवढे चार शब्द बोलायचे होते. पण मग तो विचारणार, का? आणि मला सांगावं लागणार. मी फोन ठेवून दिला. आजही तो फोन ठेवतानाचा माझा हात आठवला की मला माझीच शिसारी येते.

दसऱ्याला सकाळीच आंबिवली गाठली. आबांनी इस्त्रीचा शर्ट घातलेला, छातीवर पदकं. तिघे म्हातारे जोडीदारही तसेच नटून आलेले. ट्रक धुऊन पुसून तयार, आणि वर माझं हूड... वीतभर वर चढलेलं, अकरा रिंगा कापडासकट उचकटलेल्या, मागचा पडदा अर्ध्यावर लोंबकळतोय.

"आबा, हूड काढून टाकतो," नयन घाईघाईने म्हणाला. "उघडीच नेऊया ना. ऊन पण नाहीये."

"नाही." आबांचा आवाज शांत होता. "फौजेत सकाळी गाडीची तपासणी व्हायची. एक नट जरी कमी असला तरी गाडी लाइनीबाहेर जात नसे. अठ्ठावीस वर्षं मी अर्धवट गाडी बाहेर काढली नाही. आज काढू?"

"आबा, पण आज..."

"रविवारी जाऊ. तोवर बेटी दुरुस्त करेल. काय गं?"

मी मान हलवली. चौघं म्हातारे दोन रिक्षांत बसून विहारात गेले. आबांची पदकं रिक्षाच्या दारातून दिसत होती, मग दिसेनाशी झाली.

मी हूड घरी आणलं. सगळी शिवण उसवली, कापड भिजवलं, वाळवलं, जोड दिला, परत शिवलं. दोन दिवसांत बोटांची सालं निघाली. शनिवारी सकाळी शेवटची रिंग ठोकत होते तेव्हा नयनचा फोन आला. आबा चहा पिता पिता गेले होते.

आबांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी सगळ्यात मागे बसले. त्याच्या समोर जायची हिंमत झाली नाही. पुढचे तीन आठवडे त्याने फोन केले, मी एकेका शब्दात उत्तरं दिली. शेवटी हूड टेम्पोत टाकलं आणि आंबिवलीला निघाले. द्यायचं, सांगायचं आणि परत यायचं, असं ठरवूनच.

आम्ही दोघांनी मिळून ते चढवलं. गच्च बसलं. दाढी वाढलेला नयन कमानीला टेकून उभा राहिला.

"हेमांगी, मला फिरवून बोलता येत नाही. आबा गेल्यापासून घर खायला उठतं. तू... माझ्याशी लग्न करशील? अण्णांचं मला माहितीय. तरी विचारतोय."

ज्या वाक्यासाठी मी तो उद्योग केला होता, ते असं समोर आलं. आणि मला नुसतं हो म्हणायचं होतं. हो म्हटलं असतं तर कधीच कुणाला कळलं नसतं.

"थांब," मी म्हटलं. "आधी ऐक. ते हूड चुकून आटलं नाही. मी कापड मुद्दाम पाण्यातून काढलं नव्हतं. तू परत यावास म्हणून. पाऊस आला तेव्हा तुला फोनसुद्धा केला नाही. आबांची फेरी माझ्यामुळे राहिली, नयन. आता काय बोलायचं ते बोल."

तो खाली बघत राहिला. मी जायला वळले.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय?"

"आबांनी चोळून पाहिलं ना... तू गेल्यावर म्हणाले, कापड कोरं आहे, आटणार, पोरीला तुझं येणं थांबवायचं नाहीये. हसत होते. म्हणाले, पाऊस आला तर दोऱ्या सैल कर, म्हणजे फाटणार नाही." त्याने हुडाची एक दोरी बोटाभोवती गुंडाळली. "आला पाऊस. आबा आत झोपलेले. मी खिडकीत उभा होतो, हेमा. दहा पावलांवर गाडी. मी नाही गेलो. म्हटलं, फाटू दे थोडं, उद्या फेरी तर होईलच, आणि मग तुझ्याकडे यायला कारण मिळेल. तो त्यांचा नियम... लहानपणापासून ऐकत आलेलो, आणि नेमका त्या दिवशी विसरलो."

मी ट्रकच्या पायरीवर बसले. तो शेजारी येऊन बसला.

"माझा राग नाही आला?" मी विचारलं.

"आला ना. तुझा, माझा, दोघांचा. पण हे मी दुसऱ्या कुणाला सांगणार?... आणि तू तरी कुणाला सांगशील?"

मी त्याचा हात घेतला. रंगाने आणि तेलाने काळवंडलेली ती नखं आता आयुष्यभर माझी, एवढंच मला कळलं, आणि त्यात आनंद किती आणि दुःख किती ते आजही वेगळं काढता येत नाही.

"अण्णांना मी सांगते. आजच," मी म्हटलं. "आणि यापुढे माझ्याकडे यायला कारण शोधायचं नाही, नयन. नुसतं यायचं."

तो हो म्हणायला गेला आणि त्याला रडू फुटलं. मलाही. आम्ही दोघं तिथेच पायरीवर बसून पोटभर रडलो. आमचं लग्न ठरलं ते असं.